रांगेतून फिरलेल्याची ओवी

अमानवीय अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर खोटं पाडत आलोय. देवळाली कॅम्पात माझा मंडपाचा धंदा आहे. स्मशानाला लागून असलेल्या मैदानातसुद्धा मंडप टाकलेत, सामान राखत एकटा झोपलोय. कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण जे झालं ते सकाळी अकराला, उजेडात, पंधरा-वीस बायकांसमोर झालं...

आधी घरचं थोडं सांगावं लागेल. आम्ही घोटीकडच्या एका खेड्यातले. वडील लवकर गेले. थोरला भाऊ नामदेव फौजेत गेला आणि आई जात्यावर त्याच्या ओव्या रचायला लागली. आमच्याकडच्या बायका तसं करायच्या — लेक किंवा भाऊ पलटणीत गेला की दळताना त्याचं नाव ओवीत गुंफायचं. नामाची टोपी, नामाचे बूट, नामाची पेटी, नामाची आगगाडी... मी समोर बसून जात्यात मूठ-मूठ दाणे टाकायचो. माझं नाव, दत्तू, त्या गाण्यांत कधी आलं नाही. एकदाही नाही.

एकोणिसाव्या वर्षी मीही देवळालीला भरतीला गेलो. परत येऊन सांगितलं, छाती भरली नाही, काढून टाकलं. ते खोटं होतं. पहाटे निघालो तेव्हा आई तापाने फणफणलेली होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्यापुढे चार पोरं उरली असताना मी रांग सोडली आणि मिळेल त्या गाडीने घरी आलो. हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, पुढे बायकोलाही नाही. गावाने मात्र मला "अर्ध्या छातीचा" करून टाकलं.

आणि आईच्या दहाव्याला, किरकोळ बोलाचालीवरून, नामा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू गप रे. तू तर रांगेतच नापास झालेला." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. आठ वर्षं.

मागच्या थंडीत एका निवृत्त सुभेदारांच्या मुलीची हळद होती. माणसं मूळची साताऱ्याकडची. हळद जात्यावरच दळायची, हा त्यांच्या घराचा हट्ट. सुभेदारीणबाई खुर्च्या आणि जातं ठरवायला दुकानात आल्या.

"दगडाचं भाडं लावता शेठ? लाज नाही वाटत?"

"दगड तुमच्या घरी असता तर माझ्याकडे कशाला आला असता, वहिनी?"

"आमचे हे एवढी वर्षं सीमेवर काढून आले. तिथं नव्हती असली लूट!"

"मग जातंही तिथूनच आणायचं की."

त्यांना हसू आलं. तेवढ्यात मी पन्नास खुर्च्या जास्तीच्या त्यांच्या गळ्यात मारल्या आणि जातं फुकट दिलं.

जातं माझ्या आईचं नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पहिली शंका सगळ्यांना तीच येते. ते मी नवं घडवून घेतलेलं होतं. त्यावर कुणाच्या आईने कधी पसाभरसुद्धा दळलेलं नव्हतं.

हळदीच्या सकाळी जात्याचा खुंटा सैल झाला म्हणून मला हॉलवर बोलावलं. पाचर ठोकली, आणि पुन्हा निसटला तर पाहू म्हणून दाराशी थांबलो. नवरीच्या वडिलांची आत्या, ऐंशीच्या पुढची, आदल्या दिवशीच साताऱ्याहून आलेली, ती जात्याला बसली. ती ओवी म्हणायची आणि दुसरी ओळ बाकीच्या बायका घोळवायच्या. घरात तीन पिढ्या फौजी, म्हणून गाणी सगळी शिपायांची. सुट्टीची वाट पाहणं, न आलेलं पत्र, खुंटीवरचा कोट... दोन ठिकाणी माझं सामान उतरायचं होतं, फोन वाजत होता, आणि माझा पाय निघेना. आई गेल्यापासून जात्याच्या घरघरीवर कुणाला गाताना मी ऐकलंच नव्हतं.

आणि मग आजी म्हणाल्या —

"रांगेतून फिरला दत्तू, आईच्या गं तापापायी
छाती भरलेली त्याची, जगा सांगितलं नाही"

आवाज बदलला, वारा सुटला, असलं काही नाही. तोच चिरका आवाज, तीच चाल. बायकांनी सवयीने दुसरी ओळ घोळवलीसुद्धा. मग थांबल्या.

"आत्या, आपल्यात दत्तू कोण?" वहिनींनी विचारलं.

"कोन दत्तू?"

"आत्ता म्हणालात ना, रांगेतून फिरला म्हणून!"

"म्या? म्या आमच्या थोरल्याची म्हनत हुते. जरा कान धुवून या गं!"

सगळ्या हसल्या. मी चपला न काढता आत घुसलो.

"आजी, ही ओवी कुणी शिकवली तुम्हाला? कुणी सांगितलं? खरं बोला!"

"अहो शेठ, बायकांत कुठं शिरताय?" कुणीतरी ओरडलं.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "वरडतोस कशापायी बाबा? तोंडाला येतंय त्ये म्हनतो आमी. आन् रडतुयास का?"

डोळ्यात हळद गेली म्हणालो आणि बाहेर आलो. तिथे मला सगळे शेठ म्हणत होते. टेम्पोवर नाव माझ्या मुलीचं आहे. आणि समजा, नाव कुणी सांगितलं असेल... पण रांग? ती तर मी कुणाजवळच बोललो नव्हतो.

संध्याकाळी गोडाऊनमध्ये सतरंज्यांच्या थप्पीवर बसून नामाला फोन लावला. पेन्शनीत आल्यापासून तो मनमाडला असतो.

"दत्तू बोलतोय."

"कोण गेलं?" त्याने विचारलं. आठ वर्षांनी फोन म्हणजे त्याला दुसरं काय वाटणार!

"कुणी नाही," म्हणालो आणि सगळं सांगितलं. रांगेचंसुद्धा.

"मला तरी सांगायचं होतंस, गाढवा."

"तू होतास कुठे?"

"तेही खरं." मग हळूच म्हणाला, "आई माझ्या ओव्या म्हणायची?"

माझं डोकं सटकलं. "नाटकं करू नकोस नामा! सगळं गाव ऐकत होतं!"

"गाव ऐकत होतं. मी होतो का गावात? मी सुट्टीवर आलो की ती जात्याला हात लावायची नाही. नुसती माझ्यासमोर बसून राहायची. पीठ तू गिरणीतून आणायचास. आठव जरा."

आठवलं. डोक्यावर डबा घेऊन मीच जायचो, चडफडत. नामाच्या एवढ्या ओव्या, आणि त्यातली एकही नामाने ऐकलेली नव्हती. सगळ्या माझ्याकडे होत्या.

"येते का एखादी तुला? म्हण की," तो म्हणाला.

मी आयुष्यात कधी गायलो नाही. तरी म्हटली —

"नामा माझा शिपाई गं, उभा बर्फाच्या घाटात
ऊन माझ्या अंगणाचं, त्याला धाडते ताटात"

मग म्हणाला, "अजून आहेत?"

"लय आहेत."

"म्हण मग. मला कुठं जायचं नाय."

त्या साताऱ्याच्या आजींच्या तोंडी ती ओवी कुठून आली, मला माहीत नाही. व्हिडिओवाला तेव्हा नवरीला घेऊन बाहेर फोटो काढत होता, त्यामुळे रेकॉर्डिंगही नाही. नंतर त्या घरी दोनदा जाऊन आलो, वहिनींना ओवी अजून आठवते, आजींना नाही. नामा म्हणतो, आईला तेव्हाच कळलं असणार. कळलं असेल तर ती बोलली का नाही? आणि नसेल कळलं, तर मग...

इथे कुणीतरी काहीतरी स्पष्टीकरण देईल. द्या, मी वाचेन. पण मला ती ओवी आईच्या तोंडून ऐकायची होती. मी समोर बसलेलो असताना.