मावळतीचा फोटो आणि माझे दोन शब्द

माझ्या मुलीचं लग्न वेळेवर लागलं. आमच्या शिरूर-दौंडकडं हे वाक्य कुणापुढं बोललो, तर ऐकणारा आधी माझ्या तोंडाचा वास घेतो. पण खरंच लागलं! घोटाळा झाला तो त्यानंतर. तो कुणी केला, हे घरात कुणी बोलत नाही. नुसतं माझ्याकडं बघतात.

मी रांजणगावला एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. कुठला पार्ट कुठल्या शिफ्टला कुठल्या मशीनवर चढणार, हे मी झोपेतसुद्धा सांगतो (बायको म्हणते, "सुद्धा नाही, झोपेतच सांगता!"). त्यामुळं ऋतुजाची सोयरीक पाटसकडं जमली, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "लग्नाचं प्लॅनिंग माझ्याकडं."

ऋतुजाचं मागणं एकच होतं.

"पप्पा, मला मावळतीच्या उन्हात एक फोटो पायजे. फक्त तुमी आन् मी."

"एवढंच?"

"एवढंच. माझ्या लहानपणच्या एका बी फोटोत तुमी न्हाई. बारशाला फर्स्ट शिफ्ट, वाढदिवसाला सेकंड, गॅदरिंगला ऑडिट!"

पोरगी खोटं बोलत नव्हती. आता जग इकडचं तिकडं झालं तरी हा फोटो काढायचाच, असं मी ठरवलं.

फोटोग्राफर विकी कुरकुंभचा. त्यानं लग्नाच्या लॉन्सला चक्कर मारली, मागची नदी बघितली आणि म्हणाला, "काका, ऊन मऊ पडतं ते सूर्य बुडायच्या आधी, जरा वेळच. तेवढ्यात दोघं नदीकडंला आला, तर फोटो असा यील की बघत ऱ्हाल. न्हाई आला, तर मग हाय आपला मांडवातला ट्यूबलाईट!" जरा थांबून त्यानं विचारलं, "तुमच्यात भाषणं किती?"

इथंच खरी मेख होती. आमच्याकडं लग्न भटजी लावत नाही, माईक लावतो. आजी सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, सगळे शुभाशीर्वादाचे "दोन शब्द" बोलणार. नवरा-नवरी तोवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना घाम पुसत उभी! एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं, तर तो जन्मभर रुसला म्हणून समजा.

मी व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळापत्रक टाकलं. साखरपुडा, हळद, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला (डीजे: तीन गाणी फक्त), मंगलाष्टका, मग नदीकडंला फोटो. शेवटी "रडणे: पाच मिनिटे". आणि तळाला, ठळक अक्षरात, "भाषणे: नाहीत".

बायको तणतणत आली. "रडायला पाच मिनिटं? आई हाय मी तिची!"

"बरं, सात घे."

पाठोपाठ तिच्या भावाचा, दौलतरावांचा फोन. या माणसानं आजवर माईक दिसला आणि सोडला, असं झालेलं नाही.

"दाजी, म्हंजी सख्ख्या मामानं भाचीला आशीर्वाद बी द्यायचा न्हाई व्हय?"

"द्या की. मनातल्या मनात द्या!"

लग्नाच्या दिवशी मी गळ्यात शिट्टी अडकवूनच उतरलो. साखरपुडा वेळेत, हळद वेळेत. डीजेचं चौथं गाणं सुरू झालं, तशी मी वायरच उपसली. नवरदेवाच्या घोडीला मागून असा रेटा दिला की वऱ्हाडी पळत सुटले. व्याह्यांच्या घरचे एक म्हातारे आप्पा काठी टेकत, धापा टाकत म्हणाले, "आवो पाव्हणं, लगीन हाय का कंपनीची बस?"

अक्षता ठरल्या वेळेला पडल्या! निम्मे पाव्हणे अजून रस्त्यातच होते. सवयीप्रमाणं निवांत निघालेले. येतील तसे विचारायचे, "कवा लागतंय लगीन?"

"लागलं."

"आँ?"

सूर्य अजून चांगला वर होता. विकी नदीकडून हात करत होता, "काका, या!" आता फक्त पोरीचा हात धरायचा आणि चालायला लागायचं. तेवढ्यात मला दिसलं, दौलतराव माईककडं सरकताहेत! मी झेप घेतली आणि माईक हिसकावला.

"मंडळी, एक मिनिट. आज भाषणं होणार नाहीत. कुणी राग मानू नये."

इथं थांबायला पाहिजे होतं, हो! पण सगळा मांडव गप्प झाला. माझ्या बोलण्यावर माणसं गप्प बसली, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. म्हणालो, "तरी पण, वेळ पाळली म्हणून व्याह्यांचे आभार." तसा शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या भावाचा चेहरा पडला. मग त्यांचं नाव घेतलं. त्यांचं घेतलं म्हणून पाटसच्या संचालकांचं. पाटसचं घेतलं, तर आमच्या शिरूरकरांनी काय घोडं मारलंय? मग आजी सरपंच, मग माजी सरपंच. माजी निघाले म्हटल्यावर, पडलेले उमेदवारसुद्धा पुढच्याच रांगेत होते! मग आचारी, मग डीजेवाला (त्याची तर वायर उपसलेली).

विकी पळत आला आणि कॅमेरा रोखला. मला वाटलं, भाषणाचं शूटिंग करतोय. मी मान ताठ केली. मागून ऋतुजा ओरडली, "पप्पा!" मी माईकवर सांगितलं, "पोरीला भरून आलंय." आणि आता सुरुवात केलीच आहे, तर म्हटलं चार शब्द वेळेच्या महत्त्वावर बोलावेत.

"मंडळी, वेळ कुणासाठी थांबत नाही..."

तेवढ्यात मांडवातले लाईट लागले.

मी नदीकडं बघितलं. सूर्य नव्हता. मागं वळलो, तर पोरीचे डोळे भरलेले. लाज वाटली, लई वाटली. वेळापत्रकातलं रडणं वेळेआधीच सुरू झालं, आणि सुरुवात मीच केली. दौलतरावांनी हळूच माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"दाजी, आता बोलू का? आता काय घाई न्हाई."

महिन्यानं अल्बम आला. त्यात एक मोठा फोटो होता. मावळतीचं ऊन आडवं येऊन स्टेजवर पडलेलं. मी हातात माईक धरून, बोट वर करून, जबडा वासलेला. मागं ऋतुजा शालू सावरत, मनगटावर बोट ठेवून मला वेळ दाखवतेय. दोघंही सोन्यासारखे उजळलेले. फक्त मी आणि ती.

पोरीनं तो फ्रेम करून पाटसच्या घरात, दारासमोरच लावलाय. आलागेला विचारतो, "तुमचं पप्पा काय बोलत्यात यात?"

ती शांतपणे सांगते, "आज भाषणं होणार न्हाईत, असं सांगत्यात."