तिसऱ्या ओळीची शिवण

"आमच्या सासूबाई शिवणकाम करतात," असं मी लग्नात कौतुकाने सांगितलं, तेव्हा माझ्या मावशीने लगेच दिवाणखान्याच्या पडद्यांची मापं देऊ केली. सासूबाई तिला म्हणाल्या, "देईन की शिवून. फक्त टांगायला क्रेन लागेल." मावशी हसली, पण तिला ते नीट कळलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

सासूबाई ताडपत्र्या शिवतात. ट्रकवरच्या, धान्याच्या ढिगांवरच्या, बंदरात उघड्यावर पडलेल्या मालावरच्या. गोदीमागच्या रस्त्यावर त्यांचा कारखाना आहे. आत एक लांबलचक हॉल, हॉलच्या मधोमध जमिनीत कमरेएवढा खड्डा, खड्ड्यात मशीन आणि मशीनपुढे सासूबाई. कापड इतकं जड की ते टेबलावर चढवण्यापेक्षा शिवणारीनेच खाली उतरलेलं बरं. मग ते जमिनीवरून सरकत थेट सुईखाली येतं. बाहेरून आलेल्या माणसाला आधी त्यांचं डोकं आणि चष्मा एवढंच दिसतं. तरी त्या खड्ड्यातून अशा काही बघतात की वर उभा असलेला माणूसच ओशाळतो.

राग कायम नाकावर. कोणाशीही बोलायच्या आधी त्याच्या बाहीची शिवण बघणार आणि ती उसवलेली असली तर त्याचं बोलणं अर्धंच ऐकणार. पण कामात त्यांचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं. त्यांची एकच सवय होती: ज्याला मार जास्त, त्याला टाके जास्त. कागदावर दोन ओळी शिवा असं लिहिलेलं असायचं. पण ताडपत्री वाऱ्याच्या जागी जाणार असं कळलं, की त्या जाड सुई लावून जवळजवळच्या टाक्यांची तिसरी ओळ घालायच्या. गिऱ्हाइकाला सांगायच्या नाहीत. "सांगायचं काय त्यात?" म्हणायच्या. "पोराला थंडीत दुसरा स्वेटर घालताना आपण पोराला विचारतो का?"

ज्या पोराला त्यांनी असे स्वेटर घातले तो माझा नवरा. तो शहरातल्या लाटांच्या तलावावर सर्फिंग शिकवतो. उघड्यावर बांधलेला मोठा तलाव, एका टोकाला मशीन. ते दर नव्वद सेकंदांनी एक लाट सोडतं आणि लोक फळ्या घेऊन रांगेत उभे राहतात. नोकरी चांगली आहे, पण जीव रमत नाही. "नव्वद सेकंदांनी येणारच हे माहीत असेल, तर तिची वाट तरी कशी बघायची?" असं तो म्हणतो. मी बँकेत टोकनचे नंबर पुकारत बसणारी बाई, मला त्यात काही वाईट वाटत नाही.

खरा समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण तिथला तळ सपाट. लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम उभी राहते आणि एकदमच फतकल मारते, तिच्यावर उभं राहायला सवडच मिळत नाही. लाट एका बाजूने फुटत फुटत जायला हवी. त्यासाठी पाण्याखाली तिरका उंचवटा लागतो. तो निसर्गाने दिला नसेल तर माणसाने करायचा, वाळूने भरलेल्या बसएवढ्या पिशव्या तळाशी रचून. माझा नवरा आणि त्याच्या क्लबातले लोक हे एवढंच सांगत आठ वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. नवव्या वर्षी मंजुरी आली तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि क्लबातले निम्मे लोक शहर सोडून गेले होते.

चाळीस पिशव्या शिवायच्या होत्या आणि तेवढा लांब हॉल एकाच कारखान्यात होता.

"म्हणजे मी शिवणार, ते लोक त्या समुद्रात बुडवणार आणि त्यावरून हा पडणार," सासूबाई जेवताना म्हणाल्या.

"पडणार नाही गं आई, सरकणार."

"मग हनुवटीला सात टाके कशाने पडले होते? सरकून?"

पण त्या खूश होत्या. आठ वर्षं त्यांनी मुलाला कागदांच्या फायली घेऊन दमून घरी येताना पाहिलं होतं. आता त्याच्यासाठी काही करायचं तर ते त्यांच्या हातातलं होतं. त्या सहा महिन्यांत मी त्यांना खड्ड्यात बसून गुणगुणताना दोनदा ऐकलं, आणि हे कोणी खरं मानणार नाही.

पिशव्यांचं कापड नवीन होतं. ब्लँकेटएवढं जाड, पण प्लास्टिकच्या धाग्यांचं. नकाशावर प्रत्येक शिवणीला दोन ओळी लिहिलेल्या. तपासायला येणारा माणूस दोनपेक्षा कमी तर नाहीत ना एवढंच बघायचा. जास्त असतील तर कोण विचारतो? चाळीसपैकी अकरा पिशव्या समुद्राच्या बाजूला लागणार होत्या, लाटेचा पहिला मार खायला. त्या अकरांना सासूबाईंनी तिसरी ओळ घातली.

मग समुद्र शांत असण्याचे चार महिने आले. पाणबुडे रिकाम्या पिशव्या तळाशी नेऊन बांधायचे आणि वर तराफ्यावरून पंपाने त्यांत वाळू-पाणी भरलं जायचं. पंप चालवणाऱ्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण दिवसातून शंभर वेळा तो तेवढंच बोलायचा. पन्नाशीचा, जाड मिशीचा माणूस, पंपावरच्या दाबाच्या काट्यावरून नजर न हलवणारा. एकदा आमच्याकडे चहाला आला तर कपात साखरसुद्धा त्याने इतकी हळूहळू ढवळली की सासूबाई बघतच राहिल्या. "माणूस बरा आहे," त्या नंतर म्हणाल्या. त्याच्या शर्टाची शिवणही धड असणार.

एकोणीस पिशव्या भरून झाल्या आणि विसावी भरता भरता फाटली. समुद्राच्या बाजूच्या अकरांतली होती. वाळू समुद्रात गेली, कापड तळाशी लोळत राहिलं. कोणाला लागलं नाही एवढंच काय ते नशीब. पाणबुड्यांनी फाटका तुकडा कापून वर आणला आणि तो कारखान्यात आकड्याला टांगला. ठेकेदार, इंजिनिअर बाई, सगळे येऊन बघून गेले. शिवणीचा दोरा शाबूत होता, एक टाका तुटलेला नव्हता. म्हणजे शिवण चांगली, मग पिशवी फाटली ती दाबाने. दाब कोणाच्या हातात? सगळं खापर सावकाशच्या डोक्यावर फुटलं. सोमवारी बैठक होती आणि त्याला काढून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. तो फक्त म्हणत राहिला, "काटा हिरव्यातच होता हो." सव्वीस वर्षं पंपावर काढलेल्या माणसावर एकदा असा डाग लागला, की पुन्हा कोणी त्याच्या हातात पंप देत नाही.

शुक्रवारी सासूबाई घरी आल्या त्या ताठ मानेनेच. "दोरा शाबूत आहे," त्या दोनदा म्हणाल्या. शनिवारी दुपारी मात्र मला बँकेत फोन आला. "सुटल्यावर कारखान्यात ये. एकटीच ये."

गेले. त्या तो टांगलेला तुकडा हातात धरून उभ्या होत्या. "अंगठा फिरव," म्हणाल्या. मी फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कड सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी.

"दाबाने फाटलं तर वेडंवाकडं फाटतं," त्या म्हणाल्या. "हे भोकाभोकातून फाटलंय. माझ्या तिसऱ्या ओळीच्या."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. सुती ताडपत्री भिजली की फुगते, सुईची भोकं आपोआप आवळतात. हे प्लास्टिक काही फुगत नाही. पडलेलं भोक तसंच राहतं. जाड सुई, जवळजवळचे टाके: तिकिटाचं पुस्तक फाडायला सोपं जावं म्हणून छापखान्यात भोकं पाडतात, तसं त्यांनी चाळीस हात लांब करून ठेवलं होतं.

"कशावरून पण?" मी म्हटलं.

त्यांनी दोन पट्ट्या आधीच शिवून ठेवल्या होत्या, एक दोन ओळींची, एक तीन ओळींची. आम्ही त्या पाण्यात भिजवल्या, माल उचलायच्या साखळीला एकेक करून टांगल्या आणि खाली वाळूची पोती बांधत गेलो. दोन ओळींच्या पट्टीने नऊ पोती पेलली. तीन ओळींची सहाव्या पोत्याला गेली. आवाजही फारसा झाला नाही. सासूबाई खाली वाकल्या, पट्टीची कड बघितली आणि खड्ड्याच्या काठावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कारखान्यात रिकाम्या हाताने बसलेलं पाहिलं नव्हतं.

हिशोब मलाही करता येत होता. त्या अकरांपैकी सहा पिशव्या भरून तळाशी होत्या, एक फाटली होती आणि चार गोदामात होत्या. त्यांनी तोंड उघडलं तर बुडवलेल्या सहा काढाव्या लागणार, अकराच्या अकरा नव्याने शिवाव्या लागणार. नवीन कापड येईतो शांत महिने संपणार. म्हणजे पाण्याखालचा उंचवटा पुढच्या वर्षी, तेही कचेरीतल्या कोणाचं मन बदललं नाही तर. आणि हे सगळं माझ्या नवऱ्याच्या समोर, कारण क्लबातर्फे बैठकीला तोच जाणार होता.

मी गप्प बसा म्हटलं. अगदी याच शब्दांत. "आई, गप्प बसा. उरलेल्या चार पिशव्या कापड खराब निघालं म्हणून बदलून घ्या. खालच्या सहा कदाचित टिकतील. पंपवाल्याला दुसरीकडे काम मिळेल. तुमच्या मुलाच्या आठ वर्षांचा तरी विचार करा." वर मी हेही म्हटलं, की तुम्ही हे चांगल्यासाठीच केलं होतं.

"चांगल्यासाठी केलं म्हणून सहा पोत्यांची नऊ होतात का?" एवढंच त्या बोलल्या. मग रविवार आला. मी भांडी आपटली, त्यांनी घडी घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. नवरा मध्ये येऊन विचारून गेला की घरात कोणाचं बिनसलंय का.

सोमवारी त्या दोन्ही पट्ट्या पिशवीत घालून बैठकीला गेल्या. मी रजा टाकून मागोमाग गेले, का ते मला आजही सांगता येणार नाही. पत्र्याची खोली, टेबलावर नकाशे, भिंतीला टेकून उभा असलेला सावकाश. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि जे सांगायचं ते पाच मिनिटांत सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "नकाशात दोन होत्या. तिसरी माझी."

इंजिनिअर बाई पट्टीवरून अंगठा फिरवत राहिल्या. पहिला आवाज माझ्या नवऱ्याचा आला.

"सगळ्या पिशव्यांना, की काहींना?"

"समोरच्या अकरांना," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या लाटेच्या बाजूच्या."

त्याने मान हलवली आणि नकाशावर एकेक करून अकरा पिशव्यांवर पेन्सिलने फुल्या मारल्या. मग उठला, आपली खुर्ची भिंतीपाशी नेऊन ठेवली आणि सावकाशला म्हणाला, "बसा."

काम एक वर्ष पुढे गेलं. त्या संध्याकाळी नवरा फळी न घेताच समुद्रावर गेला आणि अंधार पडायच्या आत परत आला. जेवायला बसलो. सासूबाईंनी त्याला वाढलं, स्वतः ताटाला हात लावला नाही. शेवटी त्यांनाच राहवेना.

"बोल काहीतरी. ओरड तरी."

"तू सांगितलंस तर माझं वर्ष जाणार, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"तरी सांगितलंस."

"हो."

"मग ओरडू कशाला?" तो म्हणाला. "आज मी ओरडलो, तर पुढच्या वेळी तुला गप्प बसावंसं वाटेल."

सासूबाई तेव्हा रडल्या. बैठकीत न आलेलं सगळं रडू तिथे ताटापुढे आलं. तो उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यांच्या ताटातलं गार झालेलं जेवण बदलून त्याने गरम वाढलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

अकरा पिशव्या नव्याने शिवल्या गेल्या, दोन ओळींच्या. सासूबाईंना ते फार जड गेलं. दुसरी ओळ संपली की त्यांचा पाय मशीनवरून उठायचाच नाही. मग त्या स्वतःलाच दोन शब्द सुनावून खड्ड्यातून वर यायच्या. पुढच्या वर्षी सावकाशने सगळ्या पिशव्या भरल्या, एकही फाटली नाही. आता आमच्या किनाऱ्यावर लाट एका टोकाकडून फुटत जाते. माझा नवरा पंचेचाळिसाव्या वर्षी तिच्यावर उभा राहिला आणि चौथ्या खेपेला पडला. तलावावर तो अजून शिकवतो, पण सुट्टी घ्यायला लागलाय.

लोक त्याला विचारतात, अख्खं वर्ष वाया गेलं, आईवर राग नाही आला? तो म्हणतो, "आमच्या घरात असं गप्प बसणारं कोणी नाही." म्हणताना माझ्याकडेही अभिमानाने बघतो. त्या शनिवारी कारखान्यात मी काय बोलले, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंनीही सांगितलेलं नाही. तो असं म्हणाला की त्या चष्मा पुसायला लागतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.