माशाचं तेल प्यालेली कॅफे रेसर

आमच्या घरची मोटरसायकल कुठे उभी आहे हे मांजरांना बरोबर ठाऊक असायचं. बाबा दरवर्षी पावसाच्या आधी तिला माशाचं तेल लावायचे. होडी वाळूवर ओढून घेतली की खलाशी तिच्या लाकडाला पाजतात, तेच तेल. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत बदल्या झाल्या, आणि जातील तिथे खारा वारा. कधीतरी कुणा विद्यार्थ्याच्या होडीवाल्या बापाने त्यांना सांगितलं की हे तेल लोखंडालाही मानवतं. झालं. जुना ब्रश घेऊन चेसिसच्या नळ्या, चाकांच्या तारा, सगळं चोपडून काढायचे. मग आठ दिवस गाडीला बांगड्याचा वास. कॉलेजात असताना त्या गाडीवरून जायला मला लाज वाटायची. रंग लावा, ग्रीस लावा, हा मासळीबाजार कशाला, असं मी दरवर्षी सुनावायचो आणि ते दरवर्षी हसायचे.

सहा वर्षांपूर्वी बाबांनी गाडी घरापुढच्या खळ्यात आणली ती थेट चिऱ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या भिंतीवर घातली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, फक्त हेडलाइट फुटला. पण मी पडलो भडक माथ्याचा. आवाजाने शेजारी जमले होते, त्या सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, दिसत नाही तर चालवता कशाला? बाबा आत गेले. चावी देवाच्या खोलीतल्या खुंटीला अडकवली आणि पुन्हा म्हणून गाडीवर बसले नाहीत.

गाडी मांगरात गेली, जळाऊ लाकडं आणि नारळाची सोडणं ठेवतो तिथे. तेल मात्र चुकलं नाही. दर मे महिन्यात बाबा डबा आणि ब्रश घेऊन मांगराकडे निघाले की मी घरात उगाच काहीतरी काम काढून बसायचो. गडग्यापाशी बोललेलं ते वाक्य मी विसरलो नव्हतो. माफी मागावी असं शंभरदा वाटलं, पण जीभ वळेना. ओरडायला बरी वळली होती.

यंदा बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. कोल्हापूरला बहिणीकडे महिनाभर राहायचं, आईही सोबत जाणार. निघायच्या आधी मी धीर करून विचारलं, गाडी खोलू का? मोबाइलवर मी कॅफे रेसर बघून ठेवल्या होत्या. जुन्या गाडीचं नको ते सगळं काढून टाकायचं, हँडल खाली घ्यायचं, मागे एकट्यापुरती सपाट सीट. हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. बाबा पिशवी बांधत म्हणाले, "दुरुस्त कर तिका. तेल मात्र चुकव नको."

मी दुरुस्तच करणार होतो, पण अर्धवट सांगून घेतलेल्या परवानगीचा अर्थ आपल्या सोयीने लावायला मला वेळ लागत नाही. एसटी वळणाआड गेली आणि दुसऱ्याच दिवशी मी गाडी पडवीत आणून पाने-पकडी मांडून बसलो. मडगार्ड काढले. तीस वर्षं आई जिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसून धामापूरच्या भगवतीच्या दर्शनाला गेली, ती मागची सीट काढली. बाबांच्या वह्यांचे गठ्ठे वाहिलेला सीटमागचा उंच कॅरेज काढला. इंजिन बाजारातल्या मेकॅनिककडे पोचवलं. उघडी चेसिस समोर राहिली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. किनाऱ्यावर चाळीस वर्षं काढलेलं लोखंड बाहेरून शाबूत दिसतं आणि आतून पापडासारखं झालेलं असतं. चेसिस गेली असती तर बाबांची गाडी माझ्याच हातून भंगारात जायची होती.

हातोडीने एकेक नळी ठोकत गेलो. सगळीकडून खणखणीत आवाज आला. गंज फक्त एका जागी सापडला, बॅटरीच्या डब्याखाली, जिथे बाबांचा ब्रश पोचत नसणार. तोही पॉलिश पेपरने निघाला. जीव भांड्यात पडला, आणि त्या रिकाम्या पडवीत मी एकटाच मोठ्याने हसलो. इतकी वर्षं नाकाला फडकं लावून ज्या तेलाची चेष्टा केली, त्यानेच गाडी राखली होती.

पण अंगातली घाई काही सुटली नाही. चेसिस पेट्रोलने एकदा पुसली आणि काळा रंग मारला. दुपारी बघतो तर रंगाला देवी आल्यासारखे खड्डे पडलेले. तेल मुरलं होतं सांध्यासांध्यात, ते रंगाला धरू देईना. होड्या रंगवणारा एक म्हातारा रस्त्याने चालला होता, तो पडवीत डोकावून पोट धरून हसला. मग त्यानेच सांगितलं, धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने तीनदा धू, वाळव, घास आणि मग रंगव. चार दिवस तेच केलं. शेजारची मांजरं समोर बसून बघत होती.

महिना संपता संपता इंजिन परत आलं आणि गाडी उभी राहिली. काळी, बुटकी, सीट पहिल्यापेक्षा चार बोटं खाली. हँडल मी बेतानेच खाली घेतलं होतं, कारण माझीही कंबर आता पंचेचाळीस वर्षांची आहे. शेवटी डबा आणला आणि बाबांचाच ब्रश घेऊन खालच्या सगळ्या बाजूंना तेल लावलं, बॅटरीखालीसुद्धा. रात्री झोप लागली नाही. दुरुस्त कर म्हणाले होते आणि मी ती ओळखू येणार नाही अशी करून ठेवली होती.

ते आले तेव्हा गाडी खळ्यातच होती. आई आधी पुढे झाली. चारी बाजूंनी बघून म्हणाली, "आणि मी खंय बसतलंय?"

त्या एकट्यापुरत्या सीटवर मी उगाच फडकं फिरवलं. बाबा नव्या डोळ्यांनी गाडीकडे बघत राहिले. मग वाकून चेसिसखाली बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "तेल लावलंस," एवढंच म्हणाले. पिशवी आईकडे दिली, हँडल धरलं, उजवा पाय उचलला आणि गाडीवर बसले. बसल्यावर त्यांनाच नवल वाटलेलं मला दिसलं. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले होते.

"पाय वर जायनासो झालो, म्हणान सोडलंय," ते टाकीवर हात ठेवून म्हणाले. "तो क्यारेज आडवो येय. त्या दिसाय नजर न्हय, चालू गाडयेवरसून उतरताना पाय अडाकलो नि गाडी फुडे गेली. सांगूक लाज वाटली."

माझ्या बोलण्यामुळे सोडली नाही ना, हे मी कसंबसं विचारलं. सहा वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"तुझा बोलणा मनार घेवक लागलंय, तर ह्या घरात रवाकच गावाचा नाय," बाबा म्हणाले.

आई हसली. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तोंड लपवायला मी देवाच्या खोलीत गेलो. खुंटीवरची चावी घेऊन आलो. किक मी मारली, गिअर त्यांनी टाकला. गाडी खळ्याच्या कडेने हळूहळू निघाली. सांभाळून, असं ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. ते मिटलं, आणि वेळ आलीच तर गाडी हाताने धरता यावी म्हणून गडग्याला पाठ लावून मी तिच्या वाटेत गुपचूप उभा राहिलो.