तीन महिने कोणाले सांगाचं नाई

आमच्या उपकेंद्रात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. मी इथली नर्स, मंदा आमची आशाताई. कारंज्याकडच्या चार गावांत फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटता वाटता ते आपोआप जमतात.

आमच्याकडे दिवस गेल्याचं तीन महिने कोणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. आणि ज्यासाठी ही गोळी, तो बाळाचा कणा तयार होतो पहिल्याच महिन्यात! एक जण चौथ्या महिन्यात उगवली. मी म्हटलं, "उशीर केलास." तर म्हणते, "सिस्टर, मी तं सगळ्यात पहिले तुमालेच सांगून राह्यली." आता रागवायचं कसं?

नवीन लग्न झालेल्या गुरुजींना मी सांगितलं, मूल हवं असेल तर आधीपासूनच बायकोला रोज चारशे मायक्रोग्रॅमची गोळी द्या. गुरुजींनी विचारलं, "अन् पालक किती? त्यातही हे असतं न." मी म्हटलं, भाजीला मर्यादा नाही, गोळीला आहे. आठवड्यानं बायको एकटीच आली. "सिस्टर, भाजीलेही थोडी मर्यादा सांगा न. दोन्ही टाइम पालक सुरू हाय."

आमच्याच एका गावातल्या शोभाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचं पहिलं बाळ कणा नीट न जुळल्यामुळे गेलं. पुढच्या वेळेसाठी डॉक्टरांनी तिला आधीपासून पाच मिलिग्रॅमची मोठी गोळी लिहून दिली. सासू काय म्हणेल या धाकानं ती गोळ्यांच्या पट्ट्या डाळीच्या डब्यात लपवायची. एक दिवस रडतच आली. "गोळ्या कमी होऊन राह्यल्या. उंदीर खातात काय?"

मंदानं पट्टी निरखून पाहिली. "उंदीर कुरतडते वो. दाबून गोळी काढत नाई."

चार दिवसांनी शोभाची सासू, वत्सलाकाकू आल्या. पायाला मुंग्या येतात म्हणाल्या. "ताकदीची गोळी सुरू केली, तरी फरक नाई." पदराची गाठ सोडून रिकामी पट्टी दाखवली. मी वैतागले. "काकू, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसाला हजार मायक्रोग्रॅमच्या वर घ्यायची नाही, ही पाच मिलिग्रॅमची, म्हणजे पाच हजारांची आहे! यानं रक्ताचा रिपोर्ट बरा दिसतो, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता झाकली जाते आणि नसा खराब होतात. ही गोळी पहिलं बाळ कण्यामुळे गेलेल्या बाईला देतात."

बोलून गेले आणि जीभ चावली. काकूंनी रिकामी पट्टी परत पदरात ठेवली. बी-बाराच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन निघून गेल्या. शोभाचं आता काय होणार, या विचारानं मला दिवसभर काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा दारात. हातात मेडिकलमधून आणलेली नवीकोरी पट्टी.

"हीच न ते? नीट पाहून द्या. मी खाल्ल्या तेवढ्या डब्यात भरून ठेवतो."

मी पट्टी पाहून होकार दिला. काकूंनी पट्टी पदराला बांधली, पायरीपर्यंत गेल्या आणि वळल्या.

"अन् मले समजलं हे शोभाले सांगू नका, सिस्टर. तीन महिने कोणाले सांगाचं नसते."