खाडीत सोडलेला आजार

देवाकडे खूण मागावी आणि ती दारात येऊन उभी राहिली की तिच्याच तोंडावर दार लोटावं, हा शहाणपणा मी केलेला आहे. आज हसू येतं, पण त्या दिवसांत हसण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही नुकतेच डोंबिवलीच्या चाळीत राहायला आलो होतो आणि माझ्या यजमानांना खोकल्यातून रक्त पडायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी क्षय म्हणून औषधं दिली. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कळलं, फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून टाकला आणि माणूस हाती लागला. चाळीत आम्ही दमा म्हणून सांगितलं. तो दुसरा शब्द घरात काढायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. त्यांच्या माहेरची रीत अशी, की माणूस दुखण्यातून उठला की दुखण्याचं सगळं सामान पाण्यात सोडायचं, म्हणजे ते परत घरी येत नाही. आम्ही दोघींनी कोपरच्या खाडीवर जाऊन चादरी, बाटल्या, सगळं सोडलं. त्याच गाठोड्यात इस्पितळाचे कागद आणि छातीचे फोटोही गेले. पुन्हा तपासायला कधी यायचं, तेही त्या कागदांवरच होतं. मला तर सुटल्यासारखं वाटलं.

आणि मग खोकला परत आला. ‘दाखवून येऊ या,’ म्हटलं की हे म्हणत, ‘काही नाही गं, घसा धरलाय.’ सासूबाई नुसत्या डोळे वटारत. माझं माहेर ठाण्याचं, त्यामुळे सोमवारी तिथल्या तलावाकाठच्या महादेवाला जायचा माझा नेम होता. पण आता पिंडीवर पाणी घालताना मागणं नसायचं, भांडणच असायचं. ऐकणारं कोणी आहे का, अशीही शंका यायची. त्या सोमवारी मी म्हटलं, ‘देवा, परत न्यायचं होतं तर वाचवलंस कशाला? काय ते एकदा सांग. काहीतरी खूण दे.’

दुपारी दार वाजलं. बाहेर एक मध्यमवयीन ख्रिस्ती गृहस्थ, गळ्यात क्रूस, काखेत छत्री, बूट धुळीने माखलेले. ‘बाई, मी थॉमस. इस्पितळातून आलोय. तुमच्याकडे छातीच्या ऑपरेशनचे एक पेशंट आहेत ना?’ शेजारच्या काकू पापड वाळत घालत होत्या, त्यांनी लगेच कान टवकारले. ‘असं कोणी इथे राहत नाही,’ म्हणून मी दार लोटलं.

‘बरं. मग घोटभर पाणी तरी द्याल? कल्याणच्या एका पेशंटच्या घरून चालत आलोय.’

पाण्याला नाही कसं म्हणायचं? दार उघडावं लागलं. पाणी पिऊन ते हळू आवाजात म्हणाले, ‘हा आजार आपल्या देशात कोणाकोणाला होतो, ऑपरेशननंतर माणसं किती जगतात, हे डॉक्टरांनाही अजून धड ठाऊक नाही. म्हणून एकेका पेशंटची नोंद ठेवतो आणि घरोघर जाऊन विचारपूस करतो. ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही, ते गेलेच असं सगळे धरून चालतात. यांचंही आता तसंच धरतील.’

माझा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. ‘जीभ झडो तुमची! चांगले जिवंत आहेत ते, आत झोपलेत!’

ते मुळीच रागावले नाहीत. ‘मग त्यांचं नाव सांगा. मी आधी सांगितलं तर लोक भलत्याच माणसाला हो म्हणतात.’

झाली का पंचाईत! लग्न झाल्यापासून उखाण्याखेरीज मी ह्यांचं नाव घेतलं नव्हतं. आत सासूबाई, बाहेर पापड सोडून उभ्या राहिलेल्या काकू. मी डोळे मिटले. महादेवा, आता लाज राख नाहीतर घालव, सगळं तुझ्यावर, असं मनात म्हटलं आणि बोलून गेले, ‘केशव.’ राव लावायचंसुद्धा सुचलं नाही. आतून हे खोकत खोकत बाहेर आले, ‘कोणी हाक मारली मला?’

तो खोकला थॉमसनी ऐकला. ‘उद्याच या, मी इस्पितळाच्या फाटकात उभा राहतो,’ म्हणाले. कागद खाडीत सोडल्याचं मी चाचरत सांगितलं, तर ते मनापासून हसले. ‘असू दे, तुमच्या यजमानांच्या कागदांची, फोटोंची दुसरी प्रत आमच्याकडे जपून ठेवलीय.’

दुसऱ्या दिवशी ते खरंच फाटकात होते. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी धरून डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मी पदराचं टोक पिळत होते. मग ते म्हणाले, आजार परतलेला नाही, छातीत साधा कफ धरलाय, औषधाने जाईल. बाई गं! मी तिथल्या बाकावरच हमसून हमसून रडले आणि हे बिचारे माझ्याकडे बघत बसले.

थॉमस आमच्या घरी कधी ना कधी येणारच होते, त्यांचं कामच ते. चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. पण इतके दिवस मी देवाला सांगत होते, आम्हाला हे विसरू दे, आणि त्याने आम्हाला न विसरणारा माणूस धाडला. देवावर टाकायचं म्हणजे झाकून ठेवायचं नसतं, दार उघडायचं असतं, एवढं मला कळलं.

थॉमस अजून वर्षातून एकदा येतात. सासूबाई स्वतः पाण्याचा तांब्या पुढे करतात. ते दारातूनच विचारतात, ‘आहेत ना?’ आणि मी हातातलं काम टाकून, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं सांगते, ‘केशव आहेत.’