सामान्य माणसाची खुर्ची

आमच्या हॉस्पिटलच्या नैतिकता समितीत मी बारा वर्षं इतिवृत्त लिहितेय. एवढ्या वर्षांत इतकी शहाणी माणसं ऐकलीत, की कुणी फार शहाण्यासारखं बोलायला लागलं की माझी बोटंच दुखायला लागतात. नवं औषध माणसांवर तपासून बघायचं असेल तर आधी या समितीची परवानगी लागते. समितीत डॉक्टर असतात, एक वकील असतो, आणि नियम असा की एक सामान्य माणूसही असलाच पाहिजे. सामान्य म्हणजे डॉक्टरकीशी आणि हॉस्पिटलशी काडीचाही संबंध नसलेला. तो नसेल तर बैठक भरतच नाही, मग बाकीचे कितीही मोठे असोत.

आधीचे सामान्य सभासद लेकीकडे परगावी राहायला गेले आणि पुढची बैठक तोंडावर आली. अध्यक्ष खिडकीपाशी उभे राहून कपाळ चोळत होते. समोर रस्त्यापलीकडे लाँड्रीचं दुकान. दारात लाँड्रीवाले काका चादर झटकत होते. अध्यक्ष मला म्हणाले, "हे चालतील?" मी म्हटलं, "नियमात बसतात." झालं, काका सभासद झाले.

त्यांनी वेळेवर यावं, चहा घ्यावा आणि सही करून जावं एवढीच सगळ्यांची अपेक्षा. कसलं काय! पहिल्याच बैठकीत काकांनी हात वर केला. "हे यादृच्छिक म्हणजे काय हो?"

एका डॉक्टरांनी सांगितलं, "चिठ्ठी काढल्यासारखं. कुणाला खरं औषध द्यायचं आणि कुणाला औषध नसलेली रिकामी गोळी, ते आम्ही निवडत नाही. चिठ्ठीनं ठरतं."

"मग असंच लिहा की! आत्ता सांगितलंत तेव्हा लगेच कळलं मला."

मी ते शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

काकांची काम करायची एक रीत होती. पेशंट सही करण्याआधी जी माहितीची पानं वाचतो, ती काका बैठकीआधी दुकानात न्यायचे. दुपारी गिऱ्हाईक नसताना स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायचे, आणि काकू समोर चादरींच्या घड्या घालत ऐकायच्या. काकूंची शाळा चौथीत सुटलेली, पण कान असे तिखट की बोलायची सोय नाही. वाचता वाचता जिथे काकूंचा हात थांबला, तिथे काका कपड्यांवर खुणा करायच्या पेन्सिलीनं फुली मारायचे. बैठकीत पान पुढे सरकवून म्हणायचे, "इथे हिचा हात थांबला."

आधी सगळे हसायचे. मग एकदा 'काही काळ सौम्य अस्वस्थता' या शब्दांवर फुली आली. खोदून विचारल्यावर निघालं, की तीन दिवस उलट्या. त्यानंतर कुणी हसलं नाही. उलट डॉक्टर मंडळी आधीच विचारायला लागली, "काकूंना ऐकवलंत का?"

त्याच काकूंच्या किडनीनं दगा दिला. पाय सुजायचे, चार घड्या घातल्या की धाप लागायची. आमच्याच ओपीडीत किडनीच्या डॉक्टरीणबाई त्यांना बघत होत्या, पण या लाँड्रीवाल्या काकांच्या घरच्या हे काही बाईंना ठाऊक नव्हतं. दिवसाला शंभर माणसं तपासणाऱ्या बाईला कोण कुणाचं ते कसं कळणार?

आणि नेमका त्याच बाईंचा प्रस्ताव समितीपुढे आला. किडनी बिघडायचा वेग कमी करणारं नवं औषध. रक्ताचा एक आकडा ठरलेल्या हद्दीच्या आत असेल तरच त्या अभ्यासात घेणार होते. काकूंचा आकडा हद्दीला अगदी टेकलेला, पण आत.

बैठकीच्या दिवशी काका सकाळीच माझ्या टेबलापाशी आले. तोंड उतरलेलं. "ताई, सहाच्या सहा पानं हिला वाचून दाखवली. हात एकदाही थांबला नाही. भराभरा घड्या घालत म्हणाली, अहो, हे माझ्यासाठीच आहे."

नियम मला पाठ आहे. सभासदाचं घरचं माणूस अभ्यासात जाणार असेल, तर त्यानं तसं सांगायचं आणि त्या विषयापुरतं बाहेर जायचं. आणि काका बाहेर गेले तर सामान्य माणूस उरत नाही. म्हणजे विषय पुढच्या बैठकीवर, दोन महिन्यांनी. दोन महिन्यांत काकूंचा आकडा कुठे जाईल हे कुणी सांगायला नको होतं.

मी म्हटलं, "काका, तुम्ही मला काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. गप्प बसा आणि सही करा."

याची मला लाज वाटत नाही. आजही मी हेच म्हणेन.

विषय निघाला. डॉक्टरीणबाईंनी आशेनं काकांच्या पानांकडे बघितलं. "एकही फुली नाही! म्हणजे काकूंना सगळं कळलं."

काका उभे राहिले. "नाही कळलं. म्हणून तर ही पानं बरोबर नाहीत. पहिल्याच पानावर लिहिलंय, डायलिसिसची वेळ येण्याचा धोका एक तृतीयांशानं कमी होऊ शकतो. ते ऐकलं आणि तिचे कान बंद झाले. रिकामी गोळी मिळू शकते हे चौथ्या पानावर आहे. दोनदा वाचलं मी. ती म्हणाली, हो हो, पुढे वाचा. बाई, हे एक तृतीयांश म्हणजे किती माणसं?"

बाई म्हणाल्या, "आधी एक छोटा अभ्यास झाला होता. औषध न घेणाऱ्या शंभरांत पंधरा जणांना डायलिसिस लागलं, घेणाऱ्या शंभरांत दहा जणांना."

"म्हणजे शंभरातले पाच वाचले. पंच्याऐंशी जणांना तसंही लागणार नव्हतं, आणि दहांना औषध घेऊनही लागलं."

"बरोबर. आणि तो अभ्यास लहान होता, म्हणून तर मोठा करायचाय. हे पाचही खरे आहेत का तेच बघायचंय."

"मग हे सगळं असंच पहिल्या पानावर लिहा. रिकाम्या गोळीचंही तिथेच, मोठ्या अक्षरांत. जिवावर बेतलेला माणूस चौथ्या पानापर्यंत पोचत नाही हो." काकांनी पानं सरळ करून टेबलावर ठेवली. "आणि हे मला कळलं, कारण ती माझी बायको आहे आणि बाईंची पेशंट आहे. तेव्हा मी बाहेर जातो."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "तुम्ही गेलात तर विषय दोन महिने लांबेल."

"माहीत आहे," काका म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. विषय पुढे ढकलल्याचं कळलं तसे उठून दुकानात निघून गेले.

मी इतिवृत्तात लिहिलं, 'सभासदांनी हितसंबंध जाहीर केला, विषय तहकूब.' असा संताप आला होता मला! नियमांचा, काकांचा, सगळ्यांचाच.

दोन महिन्यांनी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई त्या विषयापुरत्या सामान्य माणूस म्हणून आल्या आणि प्रस्ताव मंजूर झाला. पानं छान झाली होती, कुणालाही कळावीत अशी. काकूंचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा हद्दीबाहेर गेला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारी बसवून समजावलं. काकू "बरं" म्हणाल्या आणि दुकानात जाऊन घड्या घालायला लागल्या.

काका मला म्हणाले, "बैठकीतलं तिला बोलू नका. सवड बघून मीच सांगतो."

तीन वर्षं झाली, ती सवड काही मिळाली नाही. दीड वर्षातच काकूंना डायलिसिस सुरू झालं. काका बैठकांना मात्र एकदाही चुकले नाहीत. माझं तर त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

यंदा त्या अभ्यासाचा निकाल आला. औषध न घेणाऱ्या शंभरांत सोळा जणांना डायलिसिस लागलं, घेणाऱ्या शंभरांत बारा जणांना. सरकारनं ते औषध मोफत यादीत घ्यायचं ठरवलं, आणि लोकांसाठी एक साधं पत्रक करायचं काम आमच्याकडे आलं. मसुद्यात पहिल्याच ओळीत 'क्रांतिकारी' होतं. काकांनी ते खोडलं. खाली लिहिलं, 'शंभरातल्या चार जणांना उपयोग होतो. ते चार कोण, हे आधी सांगता येत नाही.'

डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "काका, मनाला लावून घेऊ नका. चिठ्ठीत काकूंना रिकामी गोळीही आली असती."

"आली असती," काका म्हणाले. "किंवा खरी आली असती आणि त्या चारांत ती असती. चार ऐकायला कमी वाटतात बाई. त्यातलं एक आपल्या घरचं असलं की मग कळतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्यानं उगाच पुसत बसले.

छापलेलं पत्रक दाखवायला काल मी डायलिसिसच्या खोलीत गेले. काकू खुर्चीत रेलून बसल्या होत्या, हाताला नळ्या लावलेल्या, शेजारी मशीन घुमत होतं. काका पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले आणि काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"हे त्या दिवशी बैठकीतून उठून आले ना? माझ्यापायी?"

मी हातातलं पत्रक उगाच सरळ करायला लागले.

"मी काय दुधखुळी आहे? बैठकीला गेलेला माणूस अर्ध्या तासात परत येतो, विचारलं तर सांगत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही जाळून ठेवतो. चाळीस वर्षांत ह्यांनी शर्ट जाळला नव्हता. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परवानगीच लांबली. एवढं कळायला काय डॉक्टर व्हावं लागतं?"

"काकू, रागावलात?"

"रागावले तर! आठवड्यातून तीनदा सुईपुढे हात करते, तीनदा रागावते. माझ्यासाठी एकदा गप्प बसता येत नव्हतं ह्यांना? आणि बसले असते तरी मला ते आवडलं नसतं, हेही माहीत आहे मला. म्हणून काय राग जातो? मनातल्या मनात रागवून रागवून कंटाळले गं. मला समोरासमोर भांडायचंय. पण ते रोज सांगायची तयारी करतात, तोंड उघडतात, आणि विचारतात, पाणी हवंय का."

काका बाटली घेऊन आत आले. काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खुर्चीपाशी येऊन जरा घुटमळले.

"अगं, तुला पाणी…"

"ठेवा ते पाणी तिकडे," काकू म्हणाल्या. "बसा इथे, आणि काय सांगायचंय ते आज सांगून टाका. अजून अडीच तास मी कुठे उठून जात नाहीये."