शालिकभाऊंची जीप आणि माझा पहिला टर्बो

शालिकभाऊंनी मोबाइल थेट माझ्या नाकासमोर धरला.

"मॅडम, हे पाहा. हे बसवून द्या मले."

व्हिडिओत परदेशातली एक गाडी होती. बॉनेट कापलेलं, त्यातून चकचकीत डबा वर आलेला, त्याला जोडलेला पट्टा गरगर फिरतोय.

"भाऊ, हा सुपरचार्जर आहे."

"तेच तं म्हनून राहिलो. सुपरच पाहिजे."

ट्रकच्या खालून उस्ताद हसले. "शालिक, तुह्या जीपचं बॉनेट दोरीनं बांधलं हाय. त्यातून काय काढतं बाहेर?"

नागपूरच्या पुढे शहापूरला हायवेवर आमचं डिझेल वर्कशॉप आहे. उस्ताद मालक आणि तेच हेडमेकॅनिक. मी तिथे दोन वर्षांपासून इंजिनिअर. शालिकभाऊंची जीप एकवीस वर्षांची, चालक सोडून नऊ सीटची. चिखल्याच्या खाणीत शिफ्टच्या कामगारांना पोहोचवण्याचं काम ती करते. वाटेत एक लांब चढण आहे. गाडी भरलेली असली की जीप तिथे पहिल्या गिअरवर यायची, काळा धूर ओकायची, आणि अर्ध्या चढणीत चौघंजण डबे हातात घेऊन खाली उतरायचे. ते पायी वर पोहोचेपर्यंत खाणीतली हजेरी होऊन जायची.

ठेकेदारानं स्पष्ट सांगितलं होतं. एक तारखेपासून जीप वेळेवर आली पाहिजे, नाही तर लाइन दुसऱ्या गाडीला. हातात बारा दिवस होते.

"तेरा वर्षं हेच लाइन चालवून राहिलो," शालिकभाऊ म्हणाले. "ते गेली तं काय करू? रिकाम्या जीपमंदी बसून हॉर्न वाजवू?"

खरं सांगायचं तर त्यांची काळजी ऐकताना माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कॉलेजात शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्टच टर्बोचार्जरवर होता. भंगारातून आणलेला एक टर्बो आम्ही मधोमध कापून लाल-निळा रंगवला होता. चालत्या गाडीवर मात्र मी तो कधी बसवला नव्हता.

"उस्ताद, हे काम मी करू?"

"कॉलेजात फिरत होता का तो टर्बो?"

"बोटानं फिरवत होतो."

"मंग आता धुरानं फिरव. ठरव तूच. चुकलं तं शिव्या मी देईन."

दोनच वर्षांचा अनुभव असलेल्या पोरीवर इतका विश्वास टाकणारा माणूस मिळायला नशीब लागतं. त्या दिवशी मी जेवायचा डबा उघडलाच नाही. गाडीचं काम लिहायच्या जॉबकार्डाच्या पाठीवर आकडेमोड करत बसले.

आता हे दोन प्रकार काय आहेत ते सांगते. आमच्या घरात डिग्री घेणारी मी पहिली, त्यामुळे मी काय शिकते हे आईला सांगताना मला चुलीचा आधार घ्यावा लागायचा. लाकडं जास्त घातली आणि हवा कमी पडली की चूल धुपते. इंजिनाचंही तसंच. चढणीवर आपण पाय दाबतो, डिझेल जास्त जातं, पण हवा तेवढीच. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. म्हणून फुंकणी लागते. सुपरचार्जर आणि टर्बो या दोन्ही इंजिनाच्या फुंकण्याच आहेत. फरक इतकाच, की फुंकायचं कोणी?

सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. म्हणजे इंजिन स्वतःच्या दमानं फुंकतं. हवा लगेच मिळते, पण त्यासाठी थोडी ताकद आधी खर्चावी लागते. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर. हा जोर एरवी वायाच जातो. पण धुराचा वेग वाढेपर्यंत टर्बो जागा होत नाही. क्षणभर वाट पाहावी लागते.

म्हणून शालिकभाऊंची मागणी वेडी नव्हती. चढणीवर जीप रांगते, म्हणजे ताकद खालच्या वेगातच हवी. तिथे सुपरचार्जर सरस. मी दोन दिवस त्याच बाजूला झुकले होते. पण या इंजिनासाठी तयार सुपरचार्जर नव्हता. ब्रॅकेट, पुली, सगळं घडवावं लागलं असतं, आणि चिखल्याच्या रस्त्यावर पट्टा तुटला तर तसा पट्टा नागपुरातही मिळाला नसता. उलट याच इंजिनाचं टर्बोवालं मॉडेल कंपनीनं नंतर स्वतःच काढलं होतं. त्याचा छोटा टर्बो आपल्या इंजिनावर बोल्टला बोल्ट बसतो. छोटा टर्बो लवकर जागाही होतो.

"टर्बोच," मी उस्तादांना सांगितलं.

"आधी इंजिन पाहा. म्हताऱ्याच्या अंगात पहिलवानाचं काळीज बसवून काय फायदा?"

कॉम्प्रेशन तपासलं. म्हणजे सिलिंडर हवा नीट दाबून धरतात का ते पाहिलं. चारही ठणठणीत निघाले. एअर फिल्टर मात्र खाणीकडच्या काळ्या धुळीनं गच्च भरला होता. तो झटकून दाखवला तर शालिकभाऊ म्हणाले, "मॅडम, याच्यात अर्धी खाण निंगली!" नवा फिल्टर घालून पाहिलं. फरक पडला, पण चढण जिंकण्याइतका नाही. मग आरटीओत कागद दाखवून परवानगी घेतली आणि पान्याला हात लावला. जुनं इंजिन आहे म्हणून हवेचा दाब कमीच ठेवला. टर्बोसाठी ऑइलची वेगळी नळी ओढली. पंपातून येणारं डिझेल जरासं वाढवलं.

दहाव्या दिवशी दुपारी जीप सुरू झाली. हायवेवर दुसऱ्या गिअरला बारीक शिट्टी ऐकू आली. माझा टर्बो! बोटानं फिरवलेला नाही, धुरानं फिरणारा. मी सीटवर अक्षरशः उडाले.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. दुपारच्या शिफ्टचे आठ कामगार मागे, मी पुढे, चालवायला शालिकभाऊ. चढण सुरू झाली. सवयीनं मागच्या चौघांनी डबे उचलले.

"बसा बे!" शालिकभाऊ ओरडले.

जीप तिसऱ्या गिअरवर चढत होती. शिट्टी वाजत होती. धूर नाही. माणसं जिथे उतरायची ते पळसाचं झाड मागे पडलं आणि गाडीत एकच गलका झाला.

"विमान झालं रे शालिकचं!"

"आता तिकीट वाढवजो नोको, बाप्पा!"

मीही ओरडत होते. जीप माथ्यावर पोहोचली. शालिकभाऊंनी आनंदानं स्टिअरिंगवर थाप मारली, गिअर काढला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

शिट्टी थांबली. पलीकडच्या उतारावर जीप नुसती घरंगळू लागली.

"भाऊ, गाडी काहून बंद केली?"

"उतार हाय नं, मॅडम. डिझेल वाचते. तेरा वर्षं इथंच बंद करतो."

टर्बोच्या आतला दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. चढण चढून आलेला टर्बो निखाऱ्यासारखा तापलेला असतो. त्या क्षणी इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. रोज असं झालं तर टर्बो पावसाळाही पाहणार नाही. शिवाय बंद इंजिनानं ब्रेक जड होतात, ते वेगळंच.

"चालू करा! आधी चालू करा!"

त्यांनी चालू केली. पण संध्याकाळी वर्कशॉपमध्ये मी आकडेमोडीचं ते जॉबकार्ड पुन्हा काढून बसले. सुपरचार्जरनं ही सवय मुकाट्यानं पचवली असती. मी टर्बो निवडला आणि नेमका ज्याला ही सवय मारते तोच निवडला.

उस्ताद हात पुसत म्हणाले, "इंजिनाले सगळं इचारलं तुनं, इंजिनिअर बाई. शालिकले काय इचारलं?"

काहीच नाही. शिव्या द्यायचं कबूल केलं होतं त्यांनी, पण दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक तारखेला एकच दिवस उरला होता. सकाळी मी शालिकभाऊंना सगळं सांगितलं. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर पंप डिझेल सोडणं जवळपास थांबवतोच. इंजिन बंद करून फारसं काही वाचत नाही.

शालिकभाऊंनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. "म्हंजे तेरा वर्षं मी कोनाले फसवून राहिलो होतो?"

"कोणालेच नाही, भाऊ. पण आता बंद करू नका. खाणीच्या गेटवरही थांबल्यावर मिनिटभर चालू ठेवा."

"मॅडम, माहा हात ऐकत नाही. थांबलं की चावीवर जाते."

त्यांच्यासोबत सोमाजी आले होते. खाणीतल्या नोकरीला तीस वर्षं होत आलेले कामगार. माणसांना जमिनीखाली नेणारा पिंजरा खाली-वर करताना शाफ्टच्या, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी घंटी द्यायचं काम ते करतात. ते म्हणाले, "खानीत घंटीबिगर पिंजरा बोटभर हालत नाही. कितीबी मोठा साहेब असो. इथंबी घंटी लावू नं."

दुपारपर्यंत जीपच्या मागच्या दाराला सायकलची घंटी लागली. नियम सोपा. उतारावर चावीला हात लावायचा नाही. गेटवर सगळे उतरतील, डबे घेतील, शेवटचा उतरणारा घंटी वाजवेल. त्यानंतरच चावी. उतरायला दीड-दोन मिनिटं जातातच. टर्बोला तेवढा विसावा पुरतो.

एक तारखेला जीप हजेरीच्या आधी गेटवर उभी होती. नऊजण बसून गेले, नऊजण बसूनच पोहोचले. सोमाजींनी शेवटी उतरून घंटी वाजवली, ती मी वर्कशॉपमध्ये, शालिकभाऊंनी लावलेल्या फोनवरून ऐकली. लाइन त्यांच्याकडेच राहिली.

पुढच्या सर्व्हिसला मी टर्बोचा पाइप खोलून दांडा बोटानं हलवून पाहिला. ढिलाई नाही. ऑइल स्वच्छ. उस्तादांनीही हलवून पाहिला आणि म्हणाले, "जमलं." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मी अजून ऐकलेलं नाही.

आमच्या जॉबकार्डावर तेव्हापासून एक ओळ वाढली आहे. कॉम्प्रेशन, ऑइल, फिल्टर या सगळ्यांच्या वर: 'चालक गाडी कधी बंद करतो?' ज्याला जे यंत्र द्यायचं, त्याचा हात आधी पाहावा. शालिकभाऊंच्या कार्डावर त्या ओळीपुढे उस्तादांच्या अक्षरात लिहिलं आहे: घंटी वाजल्यावर.